पायगुणाची धाकटी

आमच्या घरात नवीन काहीही आलं की आधी माझे पाय धुतले जात. फ्रिज आला तेव्हा धुतले, स्कूटर आली तेव्हा धुतले, गच्चीवर डिशची दुसरी छत्री बसली तेव्हाही धुतले. आई पितळी परातीत कुंकवाचं पाणी करायची, मी त्यात उभी राहायची, आणि मग ओल्या लाल पायांनी फरशीवर ठसे उमटवत त्या वस्तूपर्यंत जाऊन तिला दोन्ही हात लावायची. तोवर ती वस्तू कुणी वापरायची नाही. तेवढा वेळ ताईनं मागच्या पडवीत थांबायचं, असा नियम होता. तो कधी ठरला ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होताच.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती जन्मली त्याच आठवड्यात हिंगणघाटच्या कापड गिरणीतलं बाबांचं खातं बंद झालं आणि ते घरी बसले. मी जन्मले तेव्हा त्यांनी गच्चीवर पहिली छत्री बसवली होती आणि केबलचा धंदा नुकता सुरू केला होता. माझ्या बारशापर्यंत अर्धी पेठ जोडली गेली. एवढंच. कुठल्या ज्योतिषानं काही सांगितलं नव्हतं, पत्रिका कुणी पाहिली नव्हती. बाबांनी आपल्या मनानंच या गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्या, आणि मग त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं. मी पायगुणाची ठरले. ताईला पांढऱ्या पायाची असं तोंडावर कुणी म्हणत नसे, पण शेजारच्या बायकांनाही ते ठाऊक होतं.

बाबा दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. दिवाळीला आम्हा दोघींना सारखेच कपडे आणायचे. ताईला ताप आला तर डॉक्टरकडे स्वतः घेऊन जायचे. फक्त नव्या वस्तूला तिचा हात नको असायचा. बिघडलेल्या वस्तूला मात्र चालायचा. त्यामुळे झालं काय, की घरातलं बिघडलेलं सगळं तिच्याकडे जाऊ लागलं, आणि आठवी-नववीपर्यंत ती वायरी सोलणं, जोड मारणं, अँप्लिफायर उघडून साफ करणं हे सगळं शिकली. कमरेला ओढणीच्या गाठीत तिचा एक टेस्टर असायचा. मला साधा फ्यूज बदलता येत नव्हता, आणि मला त्याची गरजही वाटत नव्हती. माझे पाय होते ना.

दोन हजार सालानंतर केव्हातरी बाबांनी आमच्या लोकल चॅनलवर ती चिनी मालिका लावली. नागपूरहून कुणीतरी सीड्यांचा अख्खा डबा आणून दिला होता. हिंदीत डब केलेली, पण डब करणारी माणसं चारच असावीत, कारण राजा आणि त्याचा घोडेवाला एकाच आवाजात बोलायचे. उडणाऱ्या तलवारी, ढगांवरचे महाल, केसांत चिमटे खोचलेल्या राण्या. दुपारी बारा वाजता लागायची. पहिले चार दिवस लोक हसले. आठवडाभरात बायका बारा वाजायच्या आत भाकरी उरकून टीव्हीसमोर बसू लागल्या, आणि सीडी अडकली की आमचा फोन वाजायचा.

गोष्ट स्वर्गाच्या राजाची आणि त्याच्या दोन मुलींची होती. नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून सगळं गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. थोरली जन्मली तेव्हा महालातले सगळे दिवे विझले. धाकटी जन्मली तेव्हा आटलेल्या झऱ्याला पाणी आलं. राजानं तिथंच काय ते ठरवून टाकलं. धाकटीला मांडीवर बसवून विद्या शिकवायचा, थोरलीला बर्फाच्या डोंगरावर पहारा करायला पाठवायचा. राणीला सगळं दिसत होतं. ती खांबाआड उभी राहून रडायची आणि राजा आला की डोळे पुसायची. थोरली चोरून धाकटीचं रक्षण करायची आणि प्रत्येक वेळी तिच्यावरच आळ यायचा.

आता वाटतं, आमच्या घरातल्या चौघांपैकी एकाला तरी हे आपलं आहे असं वाटायला हवं होतं. ताईला वाटत असणार. ती ती मालिका भिंतीला टेकून, हात बांधून बघायची. मी राजाच्या बाजूनं होते, हे मी इथं सांगूनच टाकते. मला थोरलीचा राग यायचा. ती सारखी तोंड पाडून का बसते, स्पष्ट सांगत का नाही, असं मी एकदा म्हणाले. ताई म्हणाली, "सांगून काय होते? त्या राजाले सारं माईत आहे. माईत नसतं तर गोष्ट सोपी होती."

मला ते पटलं नाही. मी तेरा वर्षांची होते आणि लाडावलेली होते.

त्या वर्षी ताई बारावीला होती. तिला पुढं वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. बाबा नाही म्हणाले नव्हते. पण संक्रांतीच्या सुमाराला एक नवा अँप्लिफायर आला, आणि तो माझ्या आधी चुकून ताईनं खोक्यातून बाहेर काढला. चौथ्या दिवशी तो जळाला. त्या दिवशी जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, की आता यापुढं घरात एकही गोष्ट हिच्यामुळं बिघडली, तर हिला आत्याकडे पाठवायचं, कायमचं. आत्या आर्वीच्या पलीकडे खेड्यात राहायची. दिवसातून एक एसटी, शाळा दहावीपर्यंत. तिथं गेल्यावर पॉलिटेक्निकचं नावही काढायला नको. ताई ताटातल्या वरणात बोट फिरवत राहिली. आईनं तिला आणखी भात वाढला.

त्यानंतर ताई घरात जपून वावरायला लागली. बरणीचं झाकणसुद्धा दोन्ही हातांनी उचलायची. परीक्षा झाली, पेपर चांगले गेले, निकाल यायचा होता. तेवढे दोन महिने काही मोडलं नाही की झालं, असं ती मला एकदा म्हणाली. दिवस मोजत होती.

मे महिन्यात बाबांनी समोरच्या खोलीत नवी कंट्रोल रूम केली. माणसाच्या उंचीचा लोखंडी रॅक आणला, त्यात सगळी मशिनरी बसवली. मालिकेचा शेवटचा भाग आणि नव्या खोलीचं उद्घाटन एकाच मुहूर्तावर करायचं, असं त्यांच्या डोक्यात आलं. आठ दिवस आधीपासून चॅनलवर जाहिरातीची पट्टी फिरत होती. आत्याला बोलावलं, पेठेतले चार जण बोलावले, गुरुजी बोलावले. मी ओल्या पायांनी येऊन रॅकला दोन्ही हात लावायचे आणि सीडीचं बटण दाबायचं, म्हणजे घरोघर शेवटचा भाग सुरू होणार. मी आरशासमोर उभी राहून बटण दाबायची तालीम केली होती.

आदल्या दिवशी दुपारी वायरमन काम संपवून गेला. बाबांनी रॅक चालू करून बघितला आणि चालूच ठेवला. संध्याकाळी सगळे चहाला आत असताना ताईनं मला खुणेनं त्या खोलीत बोलावलं. तिनं टेस्टरचं टोक रॅकच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला बारका दिवा लालसर पेटला. तिनं दुसरीकडे टेकवलं, तिथंही पेटला. एखादी वायर पत्र्याखाली दाबली गेली होती आणि सगळ्या रॅकच्या अंगात करंट आला होता. शिवाय या खोलीला अर्थिंगच केलेलं नव्हतं, म्हणजे तो करंट जमिनीत जायला वाट नव्हती. कोरड्या पायात चप्पल असेल तर काही कळणार नाही, ती म्हणाली. मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

मी विचारलं, आता? ती म्हणाली, बाबांना सांगते.

ती गेली तेव्हा मी दाराशी होते. बाबा हार मोजत होते. "बाबा, उद्याच्या त्या रॅकमंदी..." एवढंच ती बोलली. बाबांनी हात वर केला. शुभ कामाच्या आदल्या दिवशी टोकायचं नाही, तिनं तर मुळीच नाही, असं ते म्हणाले, आणि संक्रांतीची आठवण करून दिली. मग ती स्वयंपाकघरात आईकडे गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं. आई म्हणाली, उद्याचं पार पडू दे, मग वायरमनला बोलावू. ताई म्हणाली, उद्याच तर ती हात लावणार आहे. आई पुरणाचं पातेलं ढवळत राहिली. थोड्या वेळानं बाबांनी रॅकला हार घातले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

मी काय केलं? मी झोपायला गेले. मला वाटलं, मोठी माणसं बघतील. खरं सांगायचं तर मला असंही वाटलं, की मला काही होणार नाही. मला कधीच काही होत नसे.

सकाळी ऊन कडक होतं. खोली माणसांनी भरली. आत्या पुढं बसली होती. ताईला नेहमीप्रमाणं मागच्या पडवीत पाठवलं. आईनं माझे पाय परातीत धुतले. तिचे हात गार होते. माझ्याकडे न बघता ती घोटे चोळत होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पाय पुसायचे नसत, तसेच चालायचं असे. मी उठले आणि चालू लागले. फरशीवर लाल ठसे उठत होते, कौतुकानं कुणीतरी हं म्हणालं. रॅकवरचे दिवे लुकलुकत होते, टीव्हीवर पट्टी फिरत होती. मी चार पावलांवर आले आणि मला टेस्टरचा तो दिवा आठवला. तरी मी थांबले नाही. एवढ्या माणसांपुढं थांबायचं कसं, हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन्ही हात पुढं केले.

पंखा थांबला. टीव्ही काळा पडला. रॅकवरचे सगळे दिवे एकदम गेले.

मीटर आणि मेन स्विच मागच्या पडवीत होते, आणि तिथल्या दारातून समोरची खोली सरळ दिसायची. बाबांनी ओरडून विचारायच्या आत ताई स्वतःच दारात येऊन उभी राहिली. "मी बंद केलं," ती म्हणाली. "रॅकच्या बॉडीत करंट आहे. ओल्या पायानं हात लावला असता तर ती तिथंच चिकटली असती."

फोन वाजायला लागला, चॅनल का गेलं म्हणून. बाबा पडवीत गेले, मेन चालू केला, परत आले आणि सगळ्यांच्या देखत रॅकला दोन्ही हात लावून उभे राहिले. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या. कंट्रोल रूममध्ये खिळे, वायरींचे तुकडे पडलेले असत, म्हणून ते तिथं कधी अनवाणी जात नसत. काही झालं नाही. ते लोकांकडे वळून हसले.

ताई म्हणाली, "बाबा, चप्पल काढून हात लावून पाहा."

ती वायरीबद्दल बोलत होती. त्या खोलीत फक्त मला आणि आईला ते कळलं. बाकीच्यांनी एक मुलगी चारचौघांत, मुहूर्तावर, आपल्या बापाला मरायला सांगते आहे एवढंच ऐकलं. आत्यानं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "बापाच्या जिवावर उठली काय वो ही पोरगी?" बाबांनी ताईच्या कानशिलात मारली. त्याआधी त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.

मग ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. मला आवडेल अशा मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "बाळा, तू खरं सांगशीन. काल तुले हिनं काही सांगतलं होतं काय? काही दाखवलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. तिचा गाल लाल झाला होता आणि तिच्या चेहऱ्यावर, हे मी कधी विसरले नाही, निश्चिंतपणा होता. तिला वाटलं, आता झालं, धाकटीला विचारलंय.

"नाई," मी म्हणाले.

का म्हणाले, याची मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. लहान होते, घाबरले, गोंधळले. यातलं काहीच पुरतं खरं नाही. हो म्हटलं असतं तर बाबा खोटे पडले असते, आणि बाबा माझ्या पायांबद्दल खोटे पडलेले मला चालणार नव्हते. आई दाराशी उभी होती. तिलाही तोंड होतं.

मुहूर्त मोडला म्हणून बाबांनी मला रॅकला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः, चपला घालूनच, बटण दाबलं. शेवटचा भाग सुरू झाला. पाहुणे आलेच होते, म्हणून बसले. आईनं सगळ्यांना पुरणपोळी वाढली. शेवटच्या भागात राजा म्हातारा होतो, बर्फाचा डोंगर चढून जातो आणि थोरलीच्या पायाशी बसतो. मी तुला ओळखलं नाही, असं तो म्हणतो, घोडेवाल्याच्या आवाजात. खोलीतल्या बायका रडल्या. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "बिचारी पोरगी."

भिंतीपलीकडे ताई पिशवी भरत होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती आत्याबरोबर गेली. जाताना तिनं टेस्टर माझ्या उशीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी आत्याच्या गावच्या एसटीडी बूथवरून तिचा फोन आला. मी उचलला. ती माझ्यावर रागावलेली असेल असं वाटलं होतं. ती घाईघाईनं म्हणाली, "आईले त्या खोलीत ओल्या फडक्यानं पुसू देऊ नोको. तू बाबाले सांगजो. तुयं ऐकतीन ते." मी हो म्हणाले. ठेवल्यावर बाबा समोरच होते, कुणाचा फोन म्हणून विचारलं. मी म्हणाले, राँग नंबर.

बाबांना सांगायचं तर त्या दिवशी मी ‘नाई’ म्हणाले ते खोटं होतं, हेही सांगावं लागणार होतं. म्हणून मी दुसराच मार्ग काढला. त्या खोलीचं पुसणं मी स्वतःकडे घेतलं. लाडाच्या पोरीला अचानक कामाची हौस आली म्हणून आई काही म्हणाली नाही. नुसती माझ्या पायांतल्या चपलांकडे बघून आत गेली. मी रॅकपासून हातभर लांबूनच फडकं फिरवायची. शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर त्या खोलीच्या दारात बसून असायची. बाबा आत जाताना आधी त्यांच्या पायांकडे बघायची. ते आंघोळ करून देवपूजा उरकून अनवाणी बाहेर आले की मी धावत जाऊन त्यांच्यापुढं चपला ठेवायची. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. रोज रॅक तिथं हार सुकलेल्या अवस्थेत उभा, मंद घुंघुं करत. मी आणि आई दोघींनाही माहीत होतं. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी मशीन विकणारा नागपूरचा माणूस जोडणी तपासायला आला. त्यानं सवयीनं आधी टेस्टर लावला आणि झटकन मागं सरकला. मग त्यानं बाबांना दिवा दाखवला, सगळ्या बाजूंनी. बाबांचा रंग उतरला. तो माणूस म्हणाला, इतके दिवस ओल्या हातापायानं याला कुणी शिवलं नाही, हे नशीब समजा. त्यानं मेन बंद करून दाबलेली वायर काढली, अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून दिलं आणि चहा पिऊन गेला.

मला वाटलं, आता. आता ते एसटी स्टँडवर जातील, आर्वीची गाडी धरतील. मला सुटल्यासारखं वाटलं. मला काही सांगावं न लागता सगळं उघड झालं होतं. आईनं तर त्यांची बाहेर जायची पिशवी खुंटीवरून काढलीसुद्धा. "थोरलीले घेऊन येता ना?" ती म्हणाली. माझ्या आठवणीत तिनं ताईसाठी बाबांकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

बाबा बराच वेळ अंगणातल्या त्या ताज्या खड्ड्याकडे बघत बसले. त्यांना आठवत होतं, हे मला दिसत होतं. रॅकला लावलेले स्वतःचे हात, चपला, ताई दारात उभी. डोळे ओले झाले होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळला.

"बारा दिवस घरात जिवंत करंट होता," ते म्हणाले. "कोणाले खरोचसुद्धा नाई आली. काऊन? ती घरात नोहती म्हणून."

आई पिशवी हातात धरून उभी राहिली. बाबांनी परात मागितली. आई गेली, पिशवी खुंटीला अडकवली, पाणी घेऊन आली. त्या दिवशी बाबांनी स्वतः माझे पाय धुतले आणि त्यावर डोकं ठेवलं. त्यांचे विरळ झालेले केस माझ्या अंगठ्याला लागत होते. बोल, मी स्वतःला म्हणत होते, आता तरी बोल. मी तेरा वर्षांची होते, बोलायला काही फार लागत नव्हतं.

पाणी कोमट होतं. मी पाय मागं घेतले नाहीत.